बंदच्या दिवशी न दिलेली ओळख

धारवाडात सुभाष रोडवर चार माणसं चहाला जमली की विषय ठरलेला. सगळं बेंगळुरूला जातं, आपल्या वाट्याला काही येत नाही, आता उत्तर कर्नाटकाचं वेगळं राज्यच हवं. यात खोटं काय आहे म्हणा! आपली पोरं शिकतात इथं आणि पोटासाठी जातात तिकडं.

गुरुप्रसाद वकील या मागणीच्या समितीचे चिटणीस. भाषण अस्सल धारवाडी कानडीत, घरात मात्र मराठी. चार पिढ्या इथं गेल्या, तरी 'हा मराठी, याचा काय भरवसा' असं कुणी म्हणेल ही धास्ती त्यांच्या मनातून काही जात नसे. म्हणून घोषणा द्यायच्या त्या सगळ्यांच्या वरताण.

समितीनं सोमवारी बंद पुकारला. वकीलसाहेब सकाळपासून हुबळीच्या रस्त्यावर कार्यकर्त्यांबरोबर उभे. तेवढ्यात एक मोटारसायकल आली. गाडीवर अळणावरकडचा मजूर नागोजी आणि मागं त्याची मुलगी रेखा. नागोजीच्या घरजागेचा खटला वकिलांनी फुकट लढवला होता, रेखाला तर ते लहानपणापासून ओळखत. तिला तारिहाळच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. आज हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

वकिलांना बघून पोरीच्या जिवात जीव आला. मराठीत म्हणाली, "अण्णा, तुम्हीच आहात होय! आम्हाला तेवढं सोडा ना, आज हजर व्हायचंय."

सगळे कार्यकर्ते वकिलांकडे बघू लागले. आणि या शहाण्या माणसानं काय करावं? ओळखच दाखवली नाही. परक्याला सांगावं तसं कानडीत म्हणाले, "बंद ऐत्रि. वापस होग्रि."

परत जा म्हणताहेत, हे रेखाला कळलं. कानडी काय तिला येत नव्हती? अण्णा आपल्याला ओळखत का नाहीत, तेवढं मात्र कळेना. नागोजीनं हात जोडले आणि गाडी वळवली. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर वकिलांना जेवण जाईना. शेवटी बायकोला सगळं सांगून टाकलं. भाग्यलक्ष्मी हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत शिक्षिका, मुलांचे खोटे बहाणे ऐकून तयार झालेली बाई.

"राज्य कुणासाठी मागताय?" तिनं विचारलं.

"आपल्या पोरांसाठी."

"मग आज रस्त्यात कोण उभी होती? आणि तिला अडवलंत ते राज्यासाठी नाही. त्या लोकांना भ्यालात म्हणून."

दुसऱ्या दिवशी वकील तारिहाळला जाऊन कारखान्याच्या साहेबांना भेटले, गयावया केली. जागा कालच भरली होती. त्या आठवड्यातच नागोजीच्या घरी गेले, तर रेखा मैत्रिणीबरोबर बेंगळुरूला निघून गेली होती. नागोजीनं चहा दिला आणि म्हणाला, तुमचा तरी काय इलाज होता, अण्णा. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर वकिलांना बरं वाटलं असतं.

पुढच्या बैठकीत पुन्हा बंदचा ठराव आला. गुरुप्रसाद उभे राहिले. झालेला प्रकार न लपवता सांगितला. बंद पाळा, पण कामाला निघालेल्याला अडवू नका, एवढंच मागितलं. मग मागून कुणीतरी विचारलं, "वकीलसाहेब, तुमचं मूळ गाव कुठलं हो?"

"धारवाड," ते म्हणाले आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला, विरोधात मत एकट्या त्यांचंच.

नागरिकहो, राज्य जरूर मागा, हक्कानं मागा. पण ज्यांच्या नावानं मागता ती माणसं रस्त्यात समोर आली, तर चारचौघांत त्यांना ओळख द्या. आज ज्यांना परकं म्हणून परत पाठवाल, ती उद्या तुमच्या नव्या राज्यात राहायला कशाला येतील?