विझायला मिळालेला लाल दिवा

या मित्रांनो, आत या. घाबरू नका. मी आत्ता विझलेलो आहे, तेव्हा खुशाल बोला, खोका, शिंका. मी पेटलो की मात्र तोंडाला कुलूप! मी एक जुना लाल दिवा आहे आणि या रेडिओ केंद्रात, बातम्या वाचायच्या खोलीच्या दारावर राहतो. मी पेटलो, म्हणजे माईक चालू आहे आणि लोक ऐकताहेत. मी विझलो, म्हणजे आता काय हवं ते बोला. एवढंच माझं काम. पण एवढंसं कामसुद्धा माणसं मला नीट करू देतील तर शपथ!

माझा जन्म याच इमारतीच्या जिन्याखाली झाला. तेव्हा हे केंद्र एका मालकांचं होतं. मालक रेडिओ विकायचे. रेडिओ विकायचे तर त्यावर ऐकायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी केंद्रच काढलं. यंत्रं सांभाळायला त्यांच्याकडे एक हरहुन्नरी गृहस्थ होते. सगळे खटके त्यांच्या हाताखाली, म्हणून सगळे त्यांना खटकाकाका म्हणायचे. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापला, मोडीत काढलेल्या मोटारीच्या मागच्या दिव्याची लाल काच त्याला बसवली, आत बल्ब लावला आणि मला दारावरच्या भिंतीतल्या चौकोनी भोकात ठेवून दिलं. त्यामुळे मी खोलीतूनही दिसतो आणि बाहेरच्या बोळातूनही. म्हणजे मलाही दोन्हीकडचं सगळं दिसतं, बरं का! माझ्या अंगाला पुढे कितीतरी दिवस बिस्किटांचा वास येत होता.

खटकाकाकांनी माईकचा आणि माझा खटका एकच ठेवला. माईक सुरू की मी पेटलो, माईक बंद की मी विझलो. "मालक, हा दिवा खोटं बोलणार नाही," असं ते छाती काढून म्हणाले. ते वाक्य मी काळजात जपून ठेवलं. आता दिव्याला कुठलं आलंय काळीज, असं म्हणाल तर म्हणा.

त्याच सुमारास बातम्या वाचायला एक तरुणी आली. वयाने लहान, पण आवाज असा की सगळे पहिल्याच दिवसापासून तिला 'बाई' म्हणू लागले. मी पेटलो की बाई आधी जरा थांबायच्या, माईककडे बघून हसायच्या आणि म्हणायच्या, "ऐकताय ना? मग सांगते." आणि मग बातम्या. घरी त्यांची आई पलंगावर बसून रेडिओलाच उत्तर द्यायची, "ऐकतेय गं!" शेजारच्या हसायच्या, पण आईने कधी चुकवलं नाही. हे बाईंनी एकदा मी विझल्यावर खटकाकाकांना सांगितलं आणि दोघंही पोट धरून हसले. वडील नव्हते. मायलेकींचं घर बाईंच्या पगारावर चालायचं.

मालक म्हणजे काही संत नव्हते हं. त्यांच्या गोदामातल्या कामगारांनी संप केला, तेव्हा ती बातमी बोळातूनच परत गेली. आणि मालकांच्या भाच्याच्या कविता मात्र दर आठवड्याला ठरलेल्या. काय त्या कविता! दिवा असून मला अंधारी यायची.

मग एके दिवशी सरकारने देशातल्या सगळ्या बँका आणि सगळी रेडिओ केंद्रं ताब्यात घेतली. समोरच्या बँकेची पाटी उतरली, पाठोपाठ आमचीही उतरली. मालक सगळ्यांशी हात मिळवून निघून गेले. लोकांना वाटलं, चला, आता हे आपलं झालं. आणि खरं सांगायचं तर बरंच काही चांगलंही झालं. नवा उंच मनोरा उभा राहिला, आमचा आवाज डोंगरापलीकडच्या गावांत पोचला, पगार वेळेवर होऊ लागले. भाच्याच्या कविता बंद झाल्या. माझ्यापुरतं तर मला लगेच पटलं की सरकार फार शहाणं आहे!

पण सरकारबरोबर एक साहेबही आले. त्यांच्या बुटांना रबराचे तळवे होते. केव्हा मागे येऊन उभे राहतील, पत्ता लागायचा नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"हे 'ऐकताय ना' काय आहे?"

"लोकांना विचारते, साहेब. सवय आहे."

"सरकार विचारत नसतं, बाई. सरकार सांगत असतं. उद्यापासून बंद."

बंद झालं. घरी आईने दोन-तीनदा टोकलं, "हल्ली विचारत का नाहीस गं?" बाईंनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

आता ऐका, घात कसा झाला तो. एक मंत्री होते. त्यांनी एकाच पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं आणि ती बातमी बाई वाचत होत्या. शेवटचीच बातमी, तीही संपत आलेली. तेवढ्यात माझा बल्ब गेला. अगदी नवा बल्ब, फट् करून गेला. आजही सांगतो, माझा काडीचा दोष नव्हता! बाईंनी वर पाहिलं. दिवा विझलेला. त्यांना वाटलं, वेळ संपली, काकांनी माईक बंद केला. त्यांनी कागद खाली ठेवले, आळस दिला आणि म्हणाल्या, "संपलं बाई एकदाचं पुराण! तोच पूल, तोच मंत्री, फीत तेवढी नवी!"

माईक चालू होता. सगळ्या देशाने ऐकलं.

बोळात कुणाच्या तरी हातातला कप फुटला. मी काळाठिक्कर, आणि आत बाई पांढऱ्याफटक. साहेब धावतच आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत खटकाकाका पुढे झाले.

"साहेब, चूक माझी आहे. बल्ब कालपासून मिणमिणत होता. बाईंनी बदलायला सांगितला होता, मीच आळस केला."

मित्रांनो, हे साफ खोटं होतं! बल्ब मिणमिणत नव्हता आणि बाईंनी काही सांगितलंही नव्हतं. मला खरं बोलायला शिकवणारा माणूस माझ्यादेखत धडधडीत खोटं बोलला. बाईंची नोकरी वाचली. खटकाकाकांची बढती मात्र जी अडली ती कायमचीच.

आणि मला काय शिक्षा झाली, विचारा. साहेब म्हणाले, "या दिव्याची तार खटक्यावरून काढा आणि थेट जोडून टाका. हा सतत पेटलेला राहू दे. कोण केव्हा ऐकतंय, याचा कुणालाच भरवसा वाटता कामा नये. तोंडं आपोआप ताब्यात राहतील." तार काकांनाच जोडावी लागली. ते माझ्याकडे एकदाही न बघता शिडीवरून उतरले.

तेव्हापासून मी पेटलेलोच राहिलो. खोली रिकामी असली तरी पेटलेला, झाडलोट चालू असली तरी पेटलेला. बल्ब गेला की काका खिशातला दुसरा लगेच लावायचे, कुणाला श्वास घ्यायलाही उसंत नाही. बोळातून माणसं चवड्यांवर चालू लागली. खोकला आला की रुमालात कोंबायचे. बाई आणि काका आपापल्या खोल्यांतून, मधल्या मोठ्या काचेआडून, बोटांनीच बोलायचे. एक बोट वर केलं की सुरू, मूठ मिटली की बंद. पण बंद असतानाही कुणाची बोलायची छाती होत नव्हती. बाईंना काकांशी एकदा मोकळेपणी बोलायचं होतं. त्या बोळात त्यांना गाठायच्या, ओठ उघडायच्या, आणि काका माझ्याकडे बोट दाखवून निघून जायचे.

फार वाईट दिवस होते ते. अंग सतत भाजत होतं, पण त्याचं एवढं नाही. मी पेटून सांगत होतो, लोक ऐकताहेत, लोक ऐकताहेत; आणि तिथे काळं कुत्रंसुद्धा नसायचं. मला खोटारडा करून टाकला होता! हळूहळू माझ्याकडे बघायचंही सगळ्यांनी सोडून दिलं. काचेवर धुळीचा थर साचला. पुसणार कोण आणि कशाला?

बाईंचे केस पिकले. मग पुन्हा वारं फिरलं. सरकार म्हणालं, बँका आणि रेडिओ चालवणं हे आमचं काम नव्हे, आणि सगळं विकायला काढलं. समोरच्या बँकेची पाटी पुन्हा उतरली, पाठोपाठ आमचीही. साहेब आपल्या टेबलावरची कुंडी काखेत मारून गेले. आम्हाला मोटारींचे टायर बनवणाऱ्या एका कंपनीने घेतलं. सगळ्यांना एकच काळजी. कोण राहणार, कोण घरी जाणार?

नवे मॅनेजर तरुण होते, बाह्या दुमडून हिंडायचे. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा. त्यांनी बाईंना सरळच सांगितलं, "बाई, नुसतं वाचायला आता माणूस नको. लोक फोन करतील, त्यांच्याशी गप्पा मारायच्या. जमलं तर कार्यक्रम तुमचा. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"गप्पा?" बाई म्हणाल्या. "कसल्या?"

"कसल्याही. मनातल्या."

"मग लिहून द्या. मी वाचते."

मॅनेजर हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत. बाई गंमत करत नव्हत्या. सकाळी तालीम झाली. माईक बंद होता, मॅनेजर समोर बसून फोन करणाऱ्याचं सोंग करत होते. "नमस्कार बाई, काय म्हणताय?" बाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. शेवटी एकच वाक्य आलं, "हवामान सर्वसाधारण राहील."

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. "थोड्या वेळाने खरा कार्यक्रम आहे, बाई. तेवढी एक संधी. नंतर माझ्या हातात काही नाही." माझा जीव टांगणीला लागला. आई अजून होती घरी, फार थकलेली. बाईंची नोकरी गेली असती तर दोघींनी कुणाकडे बघायचं?

बाई हळूच म्हणाल्या, "तो दिवा..."

"कुठला? तो शोभेचा?" मॅनेजरांनी विचारलं.

शोभेचा! मला असा संताप आला की काच तडकायचीच बाकी राहिली. पण दारात उभ्या असलेल्या खटकाकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! साहेब गेले, सरकार गेलं, आणि हा अजून तसाच? डोळ्यांना इतकी सवय झाली की मलाच सुचलं नाही!" त्यांनी स्टूल ओढलं, गुडघ्यावर हात ठेवत वर चढले, रुमालात धरून बल्ब पिळला आणि काढला.

हुश्श!

काय सांगू तुम्हाला! उन्हातून आल्यावर कुणी माठातलं पाणी पाजावं, तसं झालं. मी विझलो! अंग गार होत गेलं. बोळातल्यांनी माना वर करून पाहिलं, आणि मग कुणीतरी खोकलं. मोठ्याने, मनसोक्त, घसा साफ होईपर्यंत. त्यावर दुसरं कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

काका अजून स्टुलावरच होते. बाई खालून म्हणाल्या, "काका, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?"

"कधी?"

"वेड पांघरू नका. बल्ब मिणमिणत नव्हता."

काका बल्ब पुसत राहिले. "तुमच्या घरी आई होती, बाई. माझं काय, बढती मिळाली असती तरी खटकेच दाबायचे होते."

"इतकी वर्षं मला तुमचे आभारसुद्धा मानता आले नाहीत हो," असं म्हणून बाई रडायलाच लागल्या. मग रडता रडता हसल्या आणि त्या पुलाच्या मंत्र्यांची अशी हुबेहूब नक्कल केली की मॅनेजर खुर्चीवरून पडता पडता वाचले. "हेच! अगदी हेच बोला!" ते ओरडले.

काकांनी माझी तार उकलली आणि पूर्वीसारखी माईकच्या खटक्याला जोडली. बल्ब लावला. जाता जाता बाहीने माझी काच पुसली. "आता खरं बोल रे बाबा," ते मला म्हणाले.

वेळ झाली. खटका दाबला गेला आणि मी पेटलो. खरा पेटलो! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला धाकधूक वाटली, आता पुन्हा 'हवामान सर्वसाधारण' येतंय की काय. पण बाई थांबल्या, माईककडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ऐकताय ना?"

पुढचं 'मग सांगते' म्हणायच्या आत फोन वाजला. पहिलाच फोन. काकांनी तो जोडून दिला. खरखर झाली आणि एक थकलेला, बारीक आवाज आला.

"ऐकतेय गं. केव्हाची ऐकतेय!"

माझा जीव भांड्यात पडला, मित्रांनो. बाईंचा तो कार्यक्रम आजही चालू आहे. आई आता नाही. काका निवृत्त झालेत, पण अधूनमधून येतात आणि माझी काच पुसून जातात. नव्या मालकांची हौस वेगळी आहे म्हणा. टायर फुटल्याची बातमी आमच्याकडे फारशी येत नाही! आलीच तर बाई ती देतातच, आणि मग बोळात कुरकुर होते. पण कुरकुर मोठ्याने होते, आणि ती ऐकायला मला आवडते.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी या खोलीत कामाला येईल. केंद्र तेव्हा कुणाचंही असो. माझी काच पुसत जा, बल्ब वेळेवर बदलत जा. आणि काम झालं की मला आठवणीने विझवा.

चला, बाई आल्या बघा. आता मी पेटणार. कुणाला खोकायचं असेल तर आत्ताच खोकून घ्या.