ब्रेकच्या महिन्यातल्या चादरी

कंत्राटी कामगारांवर संशोधन करणारा तो तरुण पहिल्यांदा इस्पितळाच्या कापडखोलीत शिरला, तेव्हा त्याच्या हातात बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. फाटक्या चादरी रफू करणाऱ्या चौघी बायकांनी पाच मिनिटांत त्याला नाव देऊन टाकलं: प्रश्नपत्रिका. "आली गं प्रश्नपत्रिका, पेनं काढा," असं म्हणून त्या खिदळायच्या. तोही हसायचा. दुसरं करतो काय बिचारा!

तिसऱ्या दिवशी त्यांनी उलट त्यालाच विचारलं, "आमचं लिहून घेतोस, तुझी नोकरी तरी कायम आहे का रे?"

"नाही. अकरा महिन्यांची आहे. मग पुन्हा अर्ज."

"अगं बाई! म्हणजे हाही आपल्यातलाच की!" आणि त्या दिवसापासून त्याला चहा मिळू लागला.

अकरा महिने. सगळी गोम तिथेच होती. बायकांचं कंत्राट अकरा महिन्यांचं असायचं, बारावा महिना ब्रेकचा. म्हणजे हजेरीपटावर त्या महिन्यात एकीचंही नाव नाही. पण आजारी माणसं काय ब्रेक घेतात? चादरी फाटायच्या त्या फाटायच्याच. बायका ब्रेकच्या महिन्यातही रोज यायच्या, सकाळी आठला बसायच्या आणि पाचला उठायच्या. कागद म्हणायचा, खोली रिकामी आहे. खोलीत सुया चालू!

त्या चौघींत मोठी होती रफूमावशी. वय पंचावन्न, नोकरीला एकोणीस वर्षं, आणि हात डावा. लहानपणी डाव्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, पण हात काही बदलला नाही. चादरीला भोक पडलं की ती आधी उभे धागे टाकायची, मग सुई एकाखालून एकावरून नेत आडवे विणायची, आणि शेवटी अंगठ्यानं दाबून बघायची. अंगठ्याला काही लागलं, तर उसवून पुन्हा. "माणूस आठवडाभर पाठ टेकून पडणार त्यावर," ती म्हणायची. "त्याला आधीच काय कमी टोचतंय?"

आता नवा कंत्राटदार आला होता आणि त्याला नवी माणसं हवी होती. कायदा असा होता की अर्जाआधीची दहा वर्षं सलग काम केल्याचं सिद्ध झालं, तर माणूस इस्पितळाचा कायम कामगार, त्याला कंत्राटदार हलवू शकत नाही. मधे खरोखरीचा एक महिना जरी खंड पडला, तरी मोजणी पुन्हा एकपासून. मावशीनं कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. बाकीच्या तिघी म्हणाल्या, तुझं झालं की आमचं होईल. म्हणजे एका बाईच्या अर्जावर चौघींची चूल.

आणि इथे आपल्या प्रश्नपत्रिकेनं शहाणपणा केला. उत्साह हो, दुसरं काय! त्यानं आपले सगळे भरलेले फॉर्म अर्जाला जोडायला लावले. "पुराव्याला वजन येईल, मावशी," म्हणाला. वजन आलं खरं. प्रश्न तेवीस होता, 'ब्रेकच्या काळात आपण कधी प्रत्यक्ष घरी होता का?' त्यापुढे मावशीनं सांगितलेलं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आठ वर्षांपूर्वी. पती वारले तो पूर्ण महिना घरी.'

कंत्राटदाराचे वकील पहिल्या सुनावणीत उठले, त्यांनी तेवढी एक ओळ वाचली आणि बसले. खंड तिनं स्वतःच कबूल केला होता. त्यानंतरची आठच वर्षं उरत होती. हवी होती दहा.

बाहेर व्हरांड्यात त्याला मावशीच्या डोळ्याला डोळा देववेना. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो, यानं तो दुसऱ्याच्या पायावर पाडला होता. "मावशी, मला माफ करा," एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

"तू का रडतोस? खरं तेच लिहिलंस ना?" ती म्हणाली. "होते मी घरी. भिंतीकडे बघत बसले होते. आठवतो फक्त भिंतीचा रंग." आणि पदर खोचत, "पण ती तीन पोरींची आशा होती रे. तेवढंच मनाला लागतंय."

दुसऱ्या दिवशी तो कापडखोलीत नुसताच जाऊन बसला. फॉर्म घरी ठेवला होता. बायका काम करत होत्या. मावशीनं ढिगातली एक जुनी चादर ओढली, न बघताच तिच्यावरून अंगठा फिरवला आणि सहज म्हणाली, "ही माझी. ही धाकटीची. आणि ही... अगं, ही आत्याबाईंची! जाऊन सहा वर्षं झाली त्यांना, आणि टाका बघ कसा बसलाय."

तो ताडकन उठला. "मावशी, तुम्हाला बोटानं कळतं?"

"न कळायला काय झालं? तुला तुझ्या आईचा आवाज फोनवर कळत नाही?"

प्रत्येकीची वीण वेगळी होती. चौघींतली धाकटी दोरा तोंडात ओला करायची, म्हणून तिचं विणकाम किंचित आवळलेलं. पूर्वी इथेच बसणाऱ्या आत्याबाई कडेला एक टाका जास्त घ्यायच्या. आणि मावशीचं सगळंच उलट्या दिशेनं, डाव्या हातामुळे. आणि मग त्याला पुढची गोष्ट दिसली. प्रत्येक रफूशेजारी काळा शिक्का होता: महिना आणि वर्ष. इस्पितळाचा नियमच होता, पाचदा रफू झाली की चादर बाद, म्हणून दर रफूला शिक्का. शिक्का मारायचे कोण? कापडखोलीचे कारकून, सगळे ज्यांना शिक्केकाका म्हणत. इस्पितळाचे कायम नोकर!

"काका," त्यानं धापा टाकत विचारलं, "बाद झालेल्या चादरींचं काय होतं?"

शिक्केकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "समिती बसते आणि विल्हेवाट लावते. समिती बसली होती बारा वर्षांपूर्वी."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून आहेत तळघरात. मी कोण फेकणारा?"

काकांनी तळघराचं दार उघडून दिवा लावला आणि तो उंबऱ्यातच थबकला. जमिनीपासून छतापर्यंत चादरींचे गठ्ठे होते, एकामागे एक, पार अंधारात दिसेनासे होईपर्यंत. त्यानं एक चादर उलगडली. पाच रफू, पाच शिक्के. दुसरी उलगडली. तिसरी. ब्रेकच्या महिन्यांत ज्यांचं नाव हजेरीपटावर नव्हतं, त्यांची हजेरी इथे रचून ठेवली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती. इतकी वर्षं कागद शोधत तो हिंडला होता. ग्रंथालयं पालथी घातली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि सगळ्यात मोठं दफ्तर इथे इस्पितळाच्या पोटात पडलं होतं. नकळत त्यानं पायातले बूट काढले.

कामगार अधिकारी बाई कडक होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चादरी तुम्ही निवडायच्या नाहीत. माझा माणूस निवडेल. बारा वर्षांच्या ब्रेकच्या महिन्यांतल्या, प्रत्येक वर्षाच्या पाच."

"मॅडम, आठ वर्षांपूर्वीचं ते एक वर्ष वगळून बाकीची अकरा मोजता येतील का?" त्यानं चाचरत विचारलं. "त्या महिन्यात त्या घरी होत्या, ते कबूलच आहे."

"एकही वर्ष वगळणार नाही. पूर्ण तरी तपासेन, नाहीतर मुळीच नाही."

सुनावणीच्या दिवशी खोलीतल्या लांब टेबलावर साठ चादरी होत्या. प्रत्येकीची एकच रफू वर ठेवली होती आणि शेजारच्या शिक्क्यावर कागद टाचला होता. अधिकारी बाईंनी मावशीचे डोळे बांधले. वकील हाताची घडी घालून बसले. बाकीच्या तिघी भिंतीशी उभ्या होत्या. धाकटीनं तोंडावर हात दाबून धरला होता.

मावशी टेबलाच्या कडेनं चालू लागली. अंगठा टेकवायचा, क्षणभर थांबायचं. "माझी." पुढे. "माझी नाही, आत्याबाईंची." पुढे. "माझी." मधे एका चादरीवर ती घुटमळली तशी वकिलांची मान वर झाली. "ही माझ्यासारखी आहे, पण माझी नाही. धाकटीनं माझं बघून उलटं विणलंय. पण दोरा ओला केलाय मेलीनं." भिंतीशी उभी धाकटी हसली आणि तशीच रडायला लागली. अधिकारी बाईंचं पेनही थांबलं. संशोधकाला वाटलं, आपण बेचाळीस प्रश्न विचारले आणि या बाईला काय येतं, हा एक तेवढा विचारायचा राहिला.

साठ झाल्या. अधिकारी बाई एकेक कागद उचलून वर्ष वाचू लागल्या आणि लिहू लागल्या. दर वर्षी पाचांत दोन, पाचांत तीन, मावशीच्या. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी एक कागद उचलला, दुसरा उचलला, चष्मा पुसला.

"हे आठ वर्षांपूर्वीचं," त्या म्हणाल्या. "पाचांपैकी चार तुम्ही आपल्या सांगितल्यात."

वकील उभे राहिले. "झालं तर मग! त्या महिन्यात बाई घरी होत्या, हे त्यांचंच म्हणणं. म्हणजे ओळखण्याची ही सगळी कसरत खोटी. एक चुकली तिथे साठही चुकल्या."

संशोधकाला आपल्याच सुवाच्य अक्षरातली ती ओळ डोळ्यांपुढे दिसली. दुसऱ्यांदा! त्याच प्रश्नानं, त्याच ओळीनं!

मावशीनं डोळ्यांवरची पट्टी काढली. त्या चार चादरी जवळ ओढल्या आणि पुन्हा अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. तिचा चेहरा गोंधळला होता. "माझ्याच आहेत," ती हळूच म्हणाली. "पण मी तर घरी होते. मी नव्हतेच इथे. मग या कुणी केल्या?"

"मावशी." भिंतीकडून आवाज आला. धाकटी पुढे आली होती. "तुम्ही आला होता."

"कधी?"

"तुमचे यजमान गेल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी आठला. कुणाशी बोलला नाहीत. बसलात आणि सुई घेतलीत. दुपारी आम्ही डबा पुढे केला, तर दोन घास खाल्लेत. पाचला उठून गेलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तो अख्खा महिना आलात. आत्याबाईंनी आम्हाला बजावलं होतं, तिला काही विचारायचं नाही, हात चालू दे तिचे." धाकटीनं डोळे पुसले. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार. नंतर कोण कशाला काढतंय तो विषय?"

शिक्केकाका मागच्या बाकावरून उठले. "आल्या होत्या, मॅडम. शिक्के मी मारलेत. मला वाटलं, घरी होते म्हणतायत म्हणजे त्यांचं काही कारण असेल. मी मधे बोललो नाही. चुकलं माझं."

अधिकारी बाई वकिलांकडे वळल्या. "ज्या महिन्याच्या चादरी आपल्या नाहीत असं या बाईंना वाटत होतं, त्याच त्यांनी डोळे बांधून आपल्या म्हणून बाजूला काढल्या. खोटं बोलणारा माणूस असं करेल का हो?" वकिलांनी कागद चाळले आणि ते खाली बसले. अधिकारी बाईंनी मान खाली घालून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "अर्जदाराचं काम बारा वर्षं सलग. खंड नाही."

तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. संशोधकाला हात जोडायचे होते, कुणापुढे ते कळत नव्हतं. मावशी मात्र जागची हलली नव्हती. तिनं एक चादर मांडीवर घेतली होती.

"आठ वर्षं मला वाटत होतं, तो महिना मी नुसती मेल्यासारखी पडून होते," ती त्याला म्हणाली. "आणि मी काम करत होते की रे! बघ, टाकासुद्धा वाकडा नाही." मग तिचा अंगठा एका कडेला अडला. "एक आहे. इथे लागतंय. हात थरथरला असेल." तिनं अधिकारी बाईंकडे पाहिलं. "बाई, सुई आहे का तुमच्याकडे?"

"मावशी, तो पुरावा आहे. त्याला हात लावता येणार नाही."

"बरं, राहू दे," मावशी म्हणाली. तिनं चादरीची नीट चौकोनी घडी घातली आणि ती टेबलावर ठेवून तिघींना हाक मारली, "चला गं, पाच वाजायला अजून दोन तास आहेत."