उभ्या धानातली नाली

सकाळपासून प्रेमिलाचा पाय एका जागी ठरत नव्हता. गावाच्या पाणी समितीची ती अध्यक्ष. नाल्याकाठच्या विहिरीवरून पाइप टाकायचं काम होळीआधीपासून चाललं होतं. टाकी झाली, गावातले नळ झाले; राहिली होती फक्त वरच्या टोलीची, चढावरच्या वस्तीची, लाइन. टोलीतला हातपंप नुसती हवा ओकायचा. तिथली तिची मैत्रीण रुख्मा डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन थेट नाल्यापर्यंत उतरायची आणि भेटली की एकच विचारायची, "कवा येते वो आमच्याकडं पानी?" "आता येते," म्हणताना प्रेमिलाला स्वतःचाच राग यायचा.

आज जेसीबी बकारामच्या शेताच्या धुऱ्यापाशी, हद्दीच्या बांधापाशी, आला, तर बकारामच आडवा उभा.

"भाऊजी, तुमी त हो म्हणले होते," प्रेमिला म्हणाली.

"म्हणलो होतो. मले वाटलं, बाजूनं जाईल. हे नाली त मोहाच्या मुळ्यावरूनच जाऊन राहिली." त्यानं मागे बोट दाखवलं. झाडाखाली त्याची म्हातारी माय वाकून फुलं वेचत होती. "झाड वाळलं त मायले काय सांगू?"

तोंडाशी आलेलं भांडण प्रेमिलानं गिळलं. तो मोह म्हातारीनं पोरासारखा वाढवला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं नव्हतं. "मॅडम, दोपहर बाद गाडी देवरी जाएगी. फिर कब आएगी, सेठ जाने. बोलो, खोदना है कि नहीं?"

धुऱ्याच्या अलीकडे तिचीच बांधी, धानाचं शेत, होती. उन्हाळी धान लोंबीवर आलेला, दाण्यात दूध भरलेलं. नवरा, भैयाजी, पंपाची मोटर दुरुस्तीला घेऊन देवरीला गेला होता. तिनं फोन लावला. पुन्हा लावला. नुसती घंटी वाजत राहिली.

"इकडून खोदा," ती म्हणाली.

"ये तो आपका खेत है ना?"

"माझाच हाये. म्हणून त सांगून राहिली."

जेसीबीचा पंजा धानात उतरला. ती घरी धावली, विळा घेऊन आली आणि मशीनच्या पुढे पुढे धान कापत सुटली. बैलांच्या तोंडी तरी पडेल. मध्येच मान वर करून रस्त्याकडे बघायची. बकाराम धुऱ्यावर थोडा वेळ बसला, मग उठून निघून गेला.

पाइप पडून माती लोटणं चालू होतं, तेव्हा भैयाजी आला.

"मले पुसाचं नाई का?"

"फोन लावला होता. तुमी उचलला नाई."

"उचलला असता त?"

"त तुमी नाई म्हणले असते."

भैयाजीनं बांधीकडे पाहिलं. बांध फुटला होता आणि बांधीतलं पाणी भळभळ वाहून चाललं होतं. "टोलीले पानी नेता नेता आपला धान मारून राहिली तू!" म्हणत तो फावडं घेऊन चिखलात उतरला. ती मदतीला गेली तर म्हणाला, "सर बाजूले." त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

टोलीकडे पाणी सोडलं त्या सकाळी प्रेमिला रुख्माच्या दारात उभी होती. नळातून आधी हवा आली, मग लाल गढूळ धार, आणि मग काहीच नाही. बायका गुंड घेऊन ताटकळल्या.

"फुटली असन कोठी तरी," कोणी तरी म्हणालं.

प्रेमिला लाइन धरून खाली धावत सुटली. स्वतःच्या बांधीपाशी आली तर भैयाजी बुजवलेल्या नालीवर उकिडवा बसून माती चाचपत होता.

"इथं कायले आली? इथं कोरडं हाये. सकाळपासून पाहून राहिलो मी."

किती तरी दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता. दोघं लाइनीनं चढू लागले. रस्त्याच्या वळणावरचा वॉल्व कोणी जेमतेमच उघडून ठेवला होता. भैयाजीनं जोर लावून तो पूर्ण फिरवला. थोड्या वेळानं वरून बायकांचा गलका ऐकू आला.

रुख्माच्या नळाला धार बारीक होती, पण तुटत नव्हती. गुंड भरला, तरी प्रेमिला तिथून हलेना. दुसरा लावायला लावला, तिसरा लावायला लावला. शेवटी भैयाजीच म्हणाला, "चाल आता."

उतरताना तो म्हणाला, "धान गेला तो गेलाच. पुढच्या बारीले पुसजो मले."

"पुसीन," प्रेमिला म्हणाली. तो नाही म्हणाला तर काय करेल, ते मात्र तिनं सांगितलं नाही.