सकाळची परवानगी

आमची लॅब दातांची. बसवतात डॉक्टर, पण बनवतो मी: कवळ्या, कॅप, ब्रिज. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आम्हा दोघा भावांची पोटं मात्र दात बनवूनच भरली. मग धाकट्याने लॅब मोठ्या कंपनीला विकायची टूम काढली. मी नाही म्हणालो आणि तो दुसऱ्या शहरात निघून गेला. भांड्याला भांडं लागतंच, पण आमची लागली ती फुटलीच. त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा.

कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. डॉक्टर हल्ली जबड्याचे साचे पाठवत नाहीत, स्कॅन पाठवतात. ते रोज संध्याकाळी आपोआप क्लाउडवर चढतील अशी सोय त्यानेच करून ठेवली होती. मला त्यातलं एवढंच कळायचं, की आपल्या कामाची एक प्रत कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या मशीनवर सुखरूप आहे.

एका सोमवारी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने खोलून बघितला.

"काका, डिस्क गेली. बॅकअप आहे ना?"

"आहे."

"मग तोंड पाडून कशाला बसलाय?"

त्याने नवी डिस्क बसवली, मी पासवर्ड टाकला. स्क्रीनवर आलं: खातेदाराच्या फोनवर विचारणा पाठवली आहे, त्यांनी 'हो, मीच आहे' दाबलं की पुढे जाता येईल.

"खातेदार कोण?"

"माझा भाऊ."

"मग लावा की फोन!"

जसं काही शेजाऱ्याकडून शिडीच आणायची होती. समोर ट्रेमध्ये अर्धवट कवळ्या पडलेल्या, त्यांचे स्कॅन सगळे वर अडकलेले. एक आजोबा तर आठवडाभर सगळं कुस्करून गिळत होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी हे मला पाठ आहे, पण धरवेनात. मी नुसताच फोन हातात घेऊन बसलो, आणि तेवढ्यात स्क्रीन उघडली. त्याने दाबलं होतं. फाइली एकेक करून उतरू लागल्या. खोटं कशाला बोलू, मला फाइलींपेक्षा त्या दाबण्याचाच आनंद जास्त झाला.

या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारू नये का, असंही शेवटी आलं. दुरुस्तीवाला तिथे खूण करणार, तोच मी त्याचा हात धरला.

"राहू दे. विचारू दे."

"काका, रोज डोक्याला ताप होईल."

"होऊ दे."

तेव्हापासून लॅब उघडली की मी पासवर्ड टाकायचो आणि चहा घेऊन समोर बसायचो. परवानगी कधी लगेच यायची, कधी कप रिकामा होईपर्यंत नाही. उशीर झाला की मी म्हणायचो, लोळतोय अजून आळशी. लगेच आली की म्हणायचो, आज स्वारी खुशीत दिसते. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच आहेत. मला हे बोलणं पुरायचं.

एका शुक्रवारी परवानगी आलीच नाही. मी पुन्हा विचारणा पाठवली, जेवण झाल्यावर आणखी एकदा. काम तसं काही अडलं नव्हतं, फाइली आता माझ्याकडेही होत्या. पण मनात नको नको ते येऊ लागलं आणि घासता घासता एक चांगली कॅप मी वाया घालवली. संध्याकाळी सगळा ताठा गुंडाळून ठेवला आणि त्याचा नंबर फिरवला.

उचलला पुतणीने. नोकरी करते ती आता.

"काका? तुम्ही?"

"बाबा बरे आहेत ना तुझे? सकाळपासून दाबलं नाही त्याने."

"काका, हा नंबर माझ्याकडे असतो. बाबांनी कधीच दुसरा घेतला. आज मी फोन घरी विसरून ऑफिसला गेले, आत्ता येतेय."

"म्हणजे रोज तू..."

"पहिल्यांदा विचारलं होतं बाबांना. म्हणाले, दाब, कुणाचं काम अडवू नये. मग मी दाबत राहिले."

कुणाचं! भावाचं नव्हे, कुणाचं.

"देऊ का त्यांना? इथेच आहेत."

"दे."

तिने फोनवर हात ठेवला असावा. आधी टीव्ही ऐकू येत होता, मग तोही येईना.

"काका... नंतर करतो म्हणाले."

"बरं."

"तुम्ही तिथे तुमचाच नंबर का नाही टाकत? सोपं आहे, मी सांगते."

पोर गुणाची आहे. ती न कंटाळता सांगत गेली, मी चष्मा सावरत करत गेलो. शेवटच्या विचारणेला तिने तिकडून परवानगी दिली.

"झालं," ती म्हणाली, "आता तुम्हाला कुणावर अवलंबून राहायला नको."

शनिवारी लॅब उघडली, दिवे लावले, पासवर्ड टाकला. माझ्याच खिशात फोन थरथरला. आत शिरू बघणारे तुम्हीच आहात का, असं तो मला विचारत होता. चहा निवला तरी बोट उचलेना. मग दाबलं आणि ट्रेमधली पुढची कवळी घासायला घेतली.