पलंग नवा, पडदा तांबडा

लाँड्रीत प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचायची पद्धत होती. इस्त्रीवाली उरलेल्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश लिहायची. पांढऱ्या शर्टाला ‘कामिसा ब्लांको’, काळ्या पँटला ‘पांतालोन नेग्रो’. इस्त्री फिरेपर्यंत पुटपुटायचं, मग चिठ्ठी खिशात. एकदा एक चिठ्ठी शर्टाबरोबरच गेली आणि गिऱ्हाईक धावत परत आलं.

“हे काय लिहिलंय? डाग निघाला नाही का?”

घड्या घालणाऱ्या मावशींची हसून मुरकुंडी वळली. “अगं, या वयात कसली ही पोपटपंची?”

“लेकीशी बोलायला नको का, मावशी?”

मावशींचं हसू जागच्या जागी विरलं. लेक पाच वर्षांची असताना कोर्टानं बापाकडे दिली. त्याची नोकरी बरी, घर मोठं. तो तिला घेऊन परदेशी गेला, जिथे सगळे स्पॅनिशच बोलतात. आता ती आठ वर्षांची होती. दर रविवारी चार वाजता फोनवर दिसायची, आणि दर रविवारी तिचं मराठी आणखी थोडं झिजलेलं असायचं. सुट्टीत महिनाभर आईकडे यायचं की नाही, हे यंदा पहिल्यांदाच तिनं ठरवायचं होतं.

म्हणून आईनं खोली सजवली. रविवारी फोन हातात धरून ती एकेक वस्तू दाखवू लागली.

“कामा नुएवो. नवा पलंग! कोर्तिना रोहो. पडदा बघ, तांबडा.”

लेक खुदकन हसली. “आई, नुएवा! रोहा! कामा मुलगी आहे. कोर्तिनापण.”

“पलंग आणि मुलगी? एवढा दणकट?”

“हो गं! म्हण परत.”

“कामा नुएवा. कोर्तिना रोहा.”

“मुई बिएन!” लेकीनं वर्गातल्या बाईंसारखी शाबासकी दिली.

आईला वाटलं, जमलं. आठवडाभर घोकलेला प्रश्न तिनं स्पॅनिशमधूनच विचारला: सुट्टीत येशील ना माझ्याकडे?

लेक भरभर काहीतरी बोलली, लांबलचक. आईला त्यातला एक ‘नो’ कळला, मग दुसरा. ती हसून मान डोलवत राहिली. कळलंच नाही असं दाखवलं, तर निदान पुढच्या रविवारपर्यंत तरी आशा धरता आली असती.

पण पोर शहाणी. आईला समजलं नाही, हे तिनं ओळखलं. थांबली. एकेक मराठी शब्द शोधून नीट लावत म्हणाली, “आई, मी नाही येणार. मला तिकडे परकं वाटतं. तू रडू नकोस हं.”

इतकं स्वच्छ मराठी ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

“छे गं, रडते कशाला?” आई म्हणाली. “मी एवढी खोली दाखवली, आता तुझी दाखव की.”

लेक फोन घेऊन धावत सुटली. छत, भिंत, पुन्हा छत, मग एक लहानसा पलंग दिसला, अस्ताव्यस्त पांघरुणाचा. ती एकेका वस्तूचं नाव सांगत गेली, आणि आई आवाज सांभाळून तिच्या मागोमाग ते म्हणत राहिली.