टपाला दिलेलं तेल

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला ज्योतीरामचं ताडपत्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे शिलाई मशीन, मागे एक खोली, आणि त्या खोलीत बायको छबूबाई नि म्हातारी आई गोजाबाई. ट्रकवाले फाटक्या ताडपत्र्या टाकून जायचे, ज्योतीराम त्या शिवून, वर डांबर फासून द्यायचा. डांबर फासायला काही अक्कल लागत नाही. ती लागली हिंदुरावांच्या मोटारीला.

हिंदुराव पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात साहेब. त्यांची दोन माणसांची बुटकी बिलायती मोटार, तिला हवं तेव्हा मागे पाडता येणारा कापडी टप. गेल्या पावसाळ्यात तो टप गळला आणि साहेबांचा लग्नातला कोट भिजला, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. यंदा वैशाखातच त्यांनी मोटार आणून दुकानापुढे उभी केली. कापड उंची, बदामी रंगाचं. त्याला डांबर लावणं पाप झालं असतं. ज्योतीरामने डोकं चालवलं. शिवणी दुहेरी घातल्या, जवसाच्या तेलात मेण वितळवलं आणि ते कोमट असताना चिंध्यांनी टपावर चोळलं. एक हात सकाळी दिला, दुसरा संध्याकाळी द्यायचा होता. वापरलेल्या चिंध्या त्याने कोपऱ्यात ढीग करून टाकल्या.

दुपारी त्या कोपऱ्यातून धूर यायला लागला. चूल कधीचीच विझलेली, घरात विडी कुणी ओढत नाही, आणि चिंध्यांचा ढीग आतून धुमसतोय. छबूबाई बघत राहिली तेवढ्यात त्याने पेटच घेतला. तिने घागर ओतली, आग विझली. ज्योतीराम दारात उभा होता. दोघांच्या मनात एकच शब्द आला आणि दोघांनीही तो गिळला. भानामती.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उदगीरकडच्या गावात वाळत घातलेली लुगडी आपोआप पेटायला लागली होती. आपोआप म्हणजे पेटवताना कुणी दिसलं नाही, इतकंच. पण गावाला तेवढं पुरतं. बोट गोजाबाईकडे गेलं, कारण ती विधवा होती आणि तोंडाने फटकळ होती. असल्या बाईचे दात पाडले की तिचा मंत्र फुटत नाही, अशी समजूत. चावडीपुढे तिचे पुढचे दात दगडाने पाडले. चौघांनी धरून ठेवलेल्या ज्योतीरामने ते डोळ्यांनी पाहिलं. त्याच आठवड्यात तिघं गाव सोडून निघाली. म्हातारी तेव्हाही म्हणत होती आणि नंतरही म्हणत राहिली की म्या न्हाई केलं.

आता इथे तेच. आणि इथले शेजारी निम्मे मराठवाड्याचेच, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरमालकीण सुभद्राबाई वास घेत आलीच. काय जळतंय वं, म्हणाली. छबूबाईने भाकरी करपल्याचं सांगितलं. सुभद्राबाईने थंड चुलीकडे एकदा पाहिलं आणि ती गेली. ते पाहणंच छबूबाईच्या जिवाला लागलं.

संध्याकाळचा हात देऊन झाल्यावर छबूबाईने सासूचा डोळा चुकवून नवऱ्याला बाजूला घेतलं. "लोकायला कळायच्या आत आत्याबाईला तळेगावला न्हिऊन घाला. त्यांनी केलं असं म्या म्हनत न्हाई. पर लोक म्हनतील."

ज्योतीराम हो म्हणाला. तो लोकांना भीत होता, हे खरं. पण त्या संध्याकाळी आई भाकरी थापत असताना तो तिच्या हातांकडे बघत होता, हेही खरं; आणि तसं बघितल्याची त्याला नंतर लाज वाटली.

तळेगावला गोजाबाईची भाची दुर्गाबाई राहायची. हिंदुराव मोटार न्यायला आले तेव्हा उद्या सकाळी आपण लोणावळ्याला निघणार असं म्हणाले. ज्योतीरामने आईला वाटेत सोडता का विचारलं. साहेब खुशीत होते, आजींना मोटारीत मिरवतो म्हणाले. तेल वाळेपर्यंत चार दिवस टप पाडू नका, घड्यांना भेगा जातील, असंही ज्योतीरामने बजावलं. तेही हो म्हणाले. मोटारवाले हो म्हणतातच.

सकाळी मोटार आली ती टप पाडूनच. तेलाच्या वासाने डोकं उठतं म्हणून साहेबांनी रात्रीच तो घडी घालून सीटमागे दाबला होता आणि वरून कव्हरची बटणं गच्च लावली होती. ज्योतीरामला आपल्या कामाचं वाईट वाटलं, पण त्याचं लक्ष आईकडे होतं. गोजाबाईने काही विचारलं नाही. आपलं बोचकं तिने त्या कव्हरवर ठेवलं आणि पाठ टेकून बसली. मोटार हलताना एवढंच बोलली, "धूर मलाबी दिसला हुता रं."

मोटार गेली. ज्योतीराम आत आला, तर कालच्या संध्याकाळच्या चिंध्या कोंबलेल्या डब्यातून धूर निघत होता.

"आता तर त्या घरात न्हाईत," छबूबाई म्हणाली. "मग कोन करतंय?"

ज्योतीरामने चिमट्याने चिंध्या उपसल्या. वरच्या गार होत्या, आतल्या चटका देणाऱ्या. एक चिंधी कालपासून मशीनवर पसरून पडली होती, तेच तेल, तोच हात, ती गार. त्याला उलगडलं. गच्च दाबलं की हे तेल स्वतःच तापतं. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटणार होतं. मग त्याला टप आठवला. तेच तेल, त्याच संध्याकाळचं, रात्रभर घडीत दाबलेलं, आणि त्याला पाठ टेकून बसलेली आई.

रस्त्यावर लक्ष्मणरावांचा ट्रक ताडपत्रीसाठी थांबला होता. ज्योतीराम केबिनमध्ये चढला आणि तळेगाव, तळेगाव एवढंच म्हणत राहिला. लक्ष्मणरावांनी त्याचं तोंड पाहिलं आणि गाडी सोडली. प्रत्येक वळणापुढे धूर दिसेल या भीतीने तो आधी मान खाली घालत होता, आणि वर बघून दिसला नाही की पुढच्या वळणाची धास्ती घेत होता. देहूरोड गेलं. सोमाटण्याच्या अलीकडे धूर दिसला.

मोटार रस्त्याच्या कडेला तिरकी उभी होती. टपाच्या नुसत्या काळ्या पट्ट्या उरल्या होत्या, सीट जळून गेली होती आणि हिंदुराव ओंजळीने माती टाकत होते. आजींनीच ओरडून मला थांबवलं, नाहीतर गेलो असतो, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. ज्योतीरामला ते ऐकू येत नव्हतं. गोजाबाई लांब, शेताच्या बांधावर बसली होती. लुगड्याचा काठ जळलेला, पण ती धड होती. दोन्ही हात तिने पुढे धरले होते, कशालाही लागणार नाहीत असे.

"जवळ येऊ नको," ती म्हणाली. "दोन वरीस म्या न्हाई म्हनत हुते. माज्यातच हाय ते. मलाच ठावं नव्हतं."

ज्योतीराम खाली बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. तेल, चिंध्या, डबा, टपाची घडी. म्हातारीने नीट ऐकून घेतलं.

"हितं तेल हुतं," ती म्हणाली. "गावाकडच्या लुगड्यायला काय हुतं?"

कुणीतरी काडी लावली असेल, दुसरं काय. इतकं साधं उत्तर होतं. ते दोन वर्षांत त्याने आईला एकदाही दिलं नव्हतं, आणि आत्ता ते सांगायला त्याने तोंड उघडलं तेव्हा ते का दिलं नव्हतं हे तिला कळलं.

"तुलाबी वाटलं हुतं," गोजाबाई म्हणाली.

त्याने तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि पदराखाली लपवला.