मुनिसाचा डबा आणि खुंटीवरची नान

ही बघा, नान हातात धरून सांगते. यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर हीच नान मला मारो! आमच्या कोकंदमध्ये याच्यापुढे शपथ नाही.

माझी लेक दिलरबो मॉस्कोला शिवणकामाला गेली आणि तिची मुनिसा माझ्याकडे राहिली. मुनिसा पहिलीत. तिचा डबा या बुवीच्या, आजीच्या गळ्यात आला, आणि शाळेतून ओपांचा, म्हणजे तिच्या बाईंचा, निरोप आला, "बुवी, पोर खात नाही. वर्गात डुलक्या काढते. डब्यात जरा भाज्या, फळं द्या, डोळ्यांना बरं दिसेल असं."

डोळ्यांना बरं? मी म्हटलं, आता बघाच.

सोमवारी उकडलेल्या अंड्याचा उंदीर केला, त्याला मुळ्याचे कान लावले. शाळेच्या मांजरीने दोन रस्ते त्याचा माग काढला. मंगळवारी चक्क्याचा डोंगर, त्यावर कोथिंबिरीची झाडं. बुधवारी पिवळ्या गाजराचा घोडा केला, तर डबा उघडल्याबरोबर खिंकाळला! हसू नका, तीन पोरांनी ऐकलंय.

आणि संध्याकाळी डबा परत. उंदराचा एक कान खाल्लेला. डोंगराला चिमटीएवढी खोक. घोड्याचा एक पाय नाही. गुरुवारच्या भोपळ्याच्या सामोशाला एक चावा. सगळ्याला एकेक चावा, बाकी जसंच्या तसं. पोरीच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जायला लागली.

"काय गं, बुवीच्या हाताला चव नाही होय?"

"आहे."

"मग संपवत का नाहीस? घोडा लाथ मारतो?"

तिने खाली बघितलं. "सगळं संपवलं तर घरी परत येता येत नाही. मग तू एकटी राहशील."

मी खुंटीकडे बघितलं.

आमच्यात लांब जाणारं माणूस उंबऱ्यात नानला एक चावा घेतं. उरलेली नान खुंटीला टांगायची. परत येऊन ती त्यानेच संपवायची, म्हणून ते येतंच. दिलरबो निघाली तेव्हा पहाटेची गाडी दारात भोंगा वाजवत होती. मी म्हणत होते, "खाऊन घे गं, चार दिवसांचा प्रवास आहे." तिने घाईघाईत चहासोबत नान संपवली, शेवटचा तुकडाही. गाडी वळली तेव्हा मला आठवलं. मग मी काय केलं? दुसरी नान घेतली, स्वतःच चावली आणि टांगली खुंटीला.

"पण तुझ्या ओयीची नान आहे की ती, खुंटीवर!" मी मुनिसाला म्हटलं.

"ती तू चावलीस. ओयीच्या पुढच्या दातांत फट आहे. तिच्या चाव्यात मध्ये रेघ उरते." मग म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नाही."

सहा वर्षांची पोर! सहा महिने मला सांभाळून घेत होती.

शेजारचा तोखिर मॉस्कोला मालाचा ट्रक नेतो. मी दुसरा डबा भरला, लेकीचा. जर्दाळू, अक्रोड, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, आणि वर एक छोटी नान.

"बुवी, पस्तीस वर्षांच्या बाईला शाळेचा डबा?" तोखिर म्हणाला.

"तू गाडी चालव. आणि तिला सांग, खाऊ सगळा खा, नानला एकच चावा घे आणि नान परत पाठव. वाटेत तू खाल्लीस तर तुझे चारही टायर बसतील."

"ट्रकला चार नसतात, बुवी."

"मग असतील तेवढे!"

तीन आठवड्यांनी नान आली. दगड झाली होती. एका बाजूला चावा, आणि चाव्यात मधोमध बारीक रेघ उभी. मुनिसाने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग नाक लावलं आणि कितीतरी वेळ हुंगत राहिली. डिझेलचाच वास येत होता, पण मी बोलले नाही. माझी नान खुंटीवरून उतरली. ही चढली.

"मलापण खुंटी पाहिजे. खालती."

ठोकली. आता रोज सकाळी ती उंबऱ्यात छोट्या नानला चावा घेते, उरलेली आपल्या खुंटीला टांगते आणि शाळेत जाते. आल्यावर चपलांसकट बसून ती संपवते. डबा? चाटूनपुसून! ओपा म्हणतात, घोडा तर शेपटीकडून सुरू करते.

आणि तुती पिकल्या तेव्हा दिलरबो आली. दारात पिशव्या टाकल्या, हात धुतले, खुंटीवरची नान काढली. चहात बुडवून बुडवून मऊ केली आणि मुनिसाला मांडीवर घेऊन शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

...

हातातली नान जड झाली बघा.

बरं, सांगते. तुती पिकल्या, पडल्या, अंगण जांभळं झालं, मीच झाडलं. दिलरबो अजून आलेली नाही. नान खुंटीवर आहे, मुनिसा रोज खालून रेघ बघते आणि मग शाळेत जाते. तेवढं एक मी पदरचं घातलं.

घोडा मात्र खिंकाळला होता.